उतारू

मराठीत गाडीत बसलेल्या माणसाला ‘उतारू’ म्हणतात. हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्यातली मौज ध्यानातच येत नाही. हा गृहस्थ गाडीत चढतो, तिकीट काढतो, खिडकीजवळच्या जागेसाठी चार माणसांशी हुज्जत घालतो आणि मग पाच-सहा तास डुलक्या काढीत बसतो. पण भाषेने त्याचे नाव ठेवले ते यांपैकी कशावरूनही नव्हे. प्रवासाच्या अखेरीस तो जी एक लहानशी गोष्ट करतो, तिच्यावरून ठेवले. तो उतरतो, म्हणून तो उतारू. इंग्रजांचा ‘पॅसेंजर’ नुसता पुढे पुढे जाणारा. आमच्या उतारूला मात्र कुठेतरी पोचावयाचे असते.

दुसरी एक जोडी पाहा. ‘यात्रा’ आणि ‘जत्रा’ हे मुळात एकच शब्द. संस्कृतातली यात्रा खेड्यापाड्यांतून फिरता फिरता जत्रा झाली. म्हणजे देवाला जाणे आणि देवाच्या पायथ्याशी पाळण्यात बसणे, रेवड्या खाणे, बांगड्या भरणे या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी वेगळ्या मानल्या नाहीत. घराची कडी लावली, की तिथूनच जत्रा सुरू होत असे.

हे शब्दांचे पाल्हाळ लावण्याचे कारण असे की, या लेखात मला एका अगदी बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीविषयी लिहावयाचे आहे. गाडीतून उतरल्यापासून दरवाज्यातून आत जाईपर्यंतचा जो अर्धा तास असतो, त्याविषयी. परदेशांत ज्यांना थीम पार्क म्हणतात, त्या क्रीडानगऱ्या उभारणारे लोक या अर्ध्या तासासाठी वेगळे नकाशे काढतात, वेगळे शिल्पज्ञ नेमतात आणि त्यावर अपार पैसा खर्च करतात. ‘पाळणे आणि घसरगुंड्या राहिल्या बाजूला, आणि हे गाड्या उभ्या करण्याच्या जागेचा विचार करतात!’ असे म्हणून कोणी हसेल. पण वाचकहो, हसण्याची घाई करू नका. हा अर्धा तास नीट जमला नाही, तर काय होते हे आपल्या महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिलेले आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

गेवराई आणि गोराई

माझे गाव तलवाडा. बीड जिल्ह्यातले, गेवराई तालुक्यातले. टेकडीवर त्वरिता देवीचे देऊळ आहे. ‘त्वर्’ म्हणजे घाई करणे. त्या धातूवरून हे नाव. भक्ताच्या हाकेला त्वरेने धावणारी ती त्वरिता. तिच्याकडे येणारे आम्ही लोक मात्र त्वरेसाठी प्रसिद्ध नाही. बीडला रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर ‘फलाट’ हा शब्द आम्हांला एस. टी. स्टँडवरूनच ठाऊक होता.

एका अक्षराच्या फरकाने आमच्या गेवराईची बहीण शोभेल अशी एक जागा मुंबईत आहे, ती म्हणजे गोराई. तिथे १९८९ साली ‘एस्सेलवर्ल्ड’ नावाची क्रीडानगरी सुरू झाली. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या सहलीबरोबर मीही तिथे गेलो होतो. बीड ते मुंबई असा रात्रभराचा प्रवास. मुलांनी गाण्यांच्या भेंड्या लावून कोणाला डोळा म्हणून मिटू दिला नव्हता. बोरिवलीच्या बाजूने गोराईच्या धक्क्यावर आलो आणि आमची बस तिथेच थांबली. पुढे खाडी होती. पलीकडे जावयाचे ते लाँचमधून.

गोदाकाठची मुले ती. नदी त्यांना नवी नव्हती. पण खारे पाणी, त्याचा तो वास, चिखलात उभी असलेली खारफुटी आणि पायाखाली हलणारी लाँच हे सगळे नवे होते. रात्रभर कोलाहल करणारी ती टोळी लाँच सुटताच गप्प झाली. पलीकडच्या काठावर झाडांच्या वर एका मोठ्या पाळण्याचे चक्र दिसू लागले, तेव्हा कुठे एकीने हळूच विचारले, ‘‘सर, तेच का हो ते?’’ अजून आम्ही नगरीच्या आत पाऊलही ठेवले नव्हते, पण खेळ सुरू झालेला होता. बसमधून थेट दरवाज्यात उतरलो असतो, तर हा क्षण मिळाला नसता.

त्याच काठावर, त्या नगरीला लागून, विपश्यनेचा भव्य पॅगोडा आहे. २००९ सालच्या फेब्रुवारीत राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यामुळे आमच्या लाँचमध्ये मोठ्याने किंचाळण्यासाठी निघालेली मंडळी आणि मौनासाठी निघालेली मंडळी गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. खाडीचे पाणी दोघांनाही सारखेच शांत करीत होते.

भाषेचा शिक्षक असल्यामुळे मला तिथे आणखी एक गोष्ट सुचली. मराठीत ‘धक्का’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. बोट लागते तो एक धक्का आणि गर्दीत बसतो तो दुसरा. जिथे पहिला धक्का विचारपूर्वक बांधलेला असतो, तिथे दुसरा खावा लागत नाही. क्रीडानगरीच्या आगमनशास्त्राचे सगळे सार या एका श्लेषात सामावले आहे, असे मी म्हणेन.

डिस्नेने घेतलेला धडा

या शास्त्राचा आद्य गुरू वॉल्ट डिस्ने. पण त्याचीही पहिली परीक्षा फसलीच. १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम गावी त्याचे ‘डिस्नेलँड’ उघडले. त्या दिवशी खोट्या निमंत्रणपत्रिका घेऊन हजारो आगंतुक आत घुसले, येणाऱ्या महामार्गावर मोटारींची मैलच्या मैल रांग लागली, उन्हाने नवे डांबर मऊ पडून बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतू लागल्या आणि नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचीही टंचाई झाली. आपल्याकडच्या एखाद्या साहित्य संमेलनाचे वर्णन वाचतो आहोत असा भास व्हावा, असा तो दिवस होता.

मात्र त्या नगरीच्या रचनेत एक फार सूक्ष्म विचार आधीपासूनच होता. तिच्याभोवती मातीचा उंच बांध घातलेला होता आणि त्यावरून एक छोटी आगगाडी धावत असे. बांधाखालून जाणाऱ्या दोन लहान बोगद्यांतूनच आत जाता येई. बाहेर उभ्या मोटारी, विजेचे खांब, रस्ते हे सगळे बांधाआड दिसेनासे व्हावे आणि माणूस बोगद्याच्या अंधारातून एकदम दुसऱ्याच जगाच्या उजेडात यावा, अशी ती योजना. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राजवाड्याची शिखरे दिसत. लांबून दिसणाऱ्या आणि पावलांना ओढून नेणाऱ्या अशा गोष्टीला डिस्ने ‘वीनी’ म्हणे. कुत्र्याला पुढे न्यावयाचे तर त्याच्या नाकासमोर जो सॉसेजचा तुकडा धरतात, त्याचे हे नाव!

पुढे १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडात त्याची दुसरी नगरी उघडली. स्वतः डिस्ने १९६६ सालीच वारला होता, पण त्याच्या माणसांनी धडा पुरता गिरवला होता. इथे मोटारी दरवाज्यापासून सुमारे मैलभर दूर थांबवल्या. मध्ये एक कृत्रिम सरोवर खणले. मोटार सोडली की उघड्या गाड्यांच्या माळेतून तिकिटाच्या ठिकाणी यावयाचे आणि तिथून बोटीने किंवा एकाच रुळावरून धावणाऱ्या मोनोरेलने पैलतीरी जावयाचे. लांबून राजवाडा दिसतो, हळूहळू मोठा होतो आणि पाण्यावरून जाता जाता मागच्या जगाची मोटारीसकट विस्मृती पडते. गोराईच्या खाडीने जे फुकट दिले होते, त्यासाठी फ्लोरिडात सरोवर खणावे लागले.

पण मला सर्वांत कौतुक वाटले ते याहून साध्या गोष्टीचे. तिथे वाहनतळाच्या भागांना आकड्यांऐवजी चित्रकथेतल्या पात्रांची नावे दिलेली असतात, कारण दिवसभर हिंडून दमलेल्या माणसाला आकडा आठवत नाही, चित्र आठवते. आणि तेही विसरले तर? कोणत्या वेळी कोणती रांग भरली याची नोंद राखणदार ठेवतात. ‘आम्ही सकाळी साधारण सव्वानऊला आलो’ एवढे सांगितले, की मोटार सापडते. निजलेले पोर खांद्यावर घेऊन अंधारात गाडी शोधणाऱ्या बापाचा विचार ज्याने आधीच करून ठेवला, त्याला मी नुसता व्यापारी म्हणणार नाही.

अर्थात हे सर्व व्यापारासाठीच चालते, हे मला ठाऊक आहे. बाहेर पडण्याची वाट बहुधा दुकानांमधूनच काढलेली असते, हे काही योगायोगाने होत नाही. शिवाय सगळ्यांनाच ही विद्या साधते असेही नाही. एका क्रीडानगरीत (नाव घेत नाही) वाहनतळापासून तिकिटाच्या खिडकीपर्यंत भर मे महिन्यात आम्हांला सावलीचा एक तुकडा मिळाला नव्हता. आत पुढे काय काय पाहिले ते मी आज विसरलो आहे. ते ऊन तेवढे आठवते.

आपली जुनी विद्या

आता कोणी म्हणेल, ‘‘प्राध्यापक महाशय, अमेरिकेचे गोडवे पुरे झाले. आपल्याकडे हे काही नव्हतेच का?’’ होते, आणि त्यांच्याहून कितीतरी आधी होते.

पंढरीची वारी घ्या. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरजवळ आली, की वारकरी उतारावरून धावत सुटतात. त्याला ‘धावा’ म्हणतात. तुकोबांना इथूनच पंढरीच्या देवळाचे शिखर दिसले आणि ते धावू लागले, अशी श्रद्धा आहे. शिखर दिसताच पावलांना वेग यावा, ही गोष्ट वारकऱ्याला डिस्नेच्या जन्माआधीपासून ठाऊक होती. मग वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात, मुक्काम होतो आणि तिथून पंढरीत प्रवेश. दिंड्यांचा क्रम ठरलेला, तळ ठरलेला, विसाव्याची जागा ठरलेली. लाखो माणसांना एका लहान गावात नेण्याची ही व्यवस्था कोणा इंजिनियराने कागदावर आखलेली नाही.

तुळजापूरला गेलात, तर आईचे दर्शन एकदम होत नाही. शहाजीराजांच्या नावाचे महाद्वार ओलांडून पायऱ्या उतरावयाच्या, कल्लोळ तीर्थावर नाहीतर गोमुखावर हातपाय धुवावयाचे, मग निंबाळकर दरवाजा आणि मग पुढचे अंगण. प्रत्येक टप्प्याला बाहेरचे काहीतरी गळून पडते. आधी वाहन, मग वहाण, मग अंगावरची धूळ, आणि जमलेच तर थोडा अहंकारही. मातीचा बांध आणि बोगदा यांनी जे काम केले, तेच हे. फरक एवढाच की, इथे माणूस नुसता पाहत नाही. तो स्वतः काही करतो.

आमच्या तलवाड्यालाही माझ्या लहानपणी लोक बैलगाड्यांनी येत. गाड्या सुटत त्या टेकडीपासून दूर, शेतात. बैलांना पाणी आणि वैरण लागते, म्हणून जिथे पाणी तिथे तळ. ती काही कोणाची दूरदृष्टी नव्हती, बैलांची गरज होती. पण त्यामुळे टेकडीपर्यंतची वाट पायांसाठी मोकळी राही. म्हाताऱ्या बायका रमतगमत येत, वाटेत ओळखीपाळखी निघत, सोयरिकींचे बोलणेही होई. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला दूरदेशी जातात. त्यांच्यासाठी नवरात्रातले ते चालणे हीच वर्षाची सहल, आणि गावाचा निरोपही.

बैल गेला, मोटार आली

मोटारीला वैरण लागत नाही. त्यामुळे ती जिथपर्यंत चाक फिरेल, तिथपर्यंत जाते. ही आजची खरी अडचण आहे. जीप, ट्रॅक्टरची ट्रॉली, मोटारसायकल यांपैकी प्रत्येकाला पहिल्या पायरीलाच नाक लावावयाचे असते. मग मागे येणाऱ्याला पुढे जाता येत नाही, पुढे गेलेल्याला मागे फिरता येत नाही. आणि ज्या वाटेने माणसे चढतात, त्याच वाटेने उतरतात. तिच्या दोन्ही कडांना नारळ-फुलांची दुकाने.

ही रचना काय करू शकते? २५ जानेवारी २००५. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेवी. शाकंभरी पौर्णिमेची काळूबाईची यात्रा. अरुंद चढण, दोहो बाजूंना दुकाने, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. काही माणसे घसरली, त्यांच्यावर मागची पडली आणि मागून रेटा चालूच राहिला. पुढे दुकानांना आगी लागल्या, गॅसच्या टाक्या फुटल्या. तीनशेच्या आसपास माणसे गेली. त्यांत बायका-मुले होती, नवस फेडायला आलेली साधी माणसे होती.

हे केवळ यात्रेतच घडते असेही नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर, पाऊस थांबण्याची वाट पाहत लोक उभे राहिले. मागून नव्या गाड्यांचे उतारू येतच राहिले. तेवीस जणांचे प्राण गेले. ती माणसे काही देवाच्या दर्शनाला निघाली नव्हती. कामावर निघाली होती.

अशा वेळी ‘लोकांना शिस्त नाही’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. मला ते पटत नाही. एस. टी. स्टँडवरचा रुमाल आठवा. स्टँडची रचना पाहिली, तर ती चांगली आहे. बसने तोंड फलाटाला लावून उभे राहावे, उतारूंनी छपराखालीच चढावे-उतरावे, फिरत्या चाकांच्या आड कोणी येऊ नये, असा तिचा हेतू. पण गाडी वळणावर असतानाच आपण धावत जातो आणि खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. का? रांगेत उभे राहिले तर जागा मिळेल, असा भरवसा नाही म्हणून. जिथे आरक्षणाचा आकडा हातात असतो, तिथे तोच माणूस निवांत चहा पीत बसतो. शिस्त ही बहुतेक वेळा भरवशाची मुलगी असते. आपल्याला दर्शन मिळणार, आपली गाडी सापडणार, आपले माणूस हरवणार नाही, ही खात्री ज्याला दिली, तो ढकलत नाही.

साध्या गोष्टी

ही खात्री देण्यासाठी मोनोरेल लागत नाही. वणीच्या सप्तशृंगगडावर चैत्रात आणि नवरात्रात खाजगी गाड्या पायथ्याच्या नांदुरीलाच थांबवतात आणि तिथून एस. टी.च्या बसगाड्या भाविकांना वर नेतात. पुढे २०१८ साली गडावर रुळांवरून चढणारी ट्रॉलीही आली, पण खरी करामत नांदुरीच्या थांब्याची. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे जातच नाहीत. १९०७ साली सुरू झालेली छोटी आगगाडी, घोडे आणि आपले पाय ही तिथली पूर्वापार वाहने. शेगावला रेल्वेतून उतरलेल्या भाविकाला संस्थानची बस मंदिरापर्यंत फुकट पोचवते. या तिन्ही ठिकाणी कोणी ना कोणी एक प्रश्न आधी सोडवला आहे: उतरावयाचे कुठे?

आमच्या तलवाड्यासारख्या गावाला याहूनही थोडक्यात भागवता येईल. टेकडीपासून दूर एक शेत वाहनतळासाठी ठरवावे आणि शेताच्या मालकाला त्याचे रीतसर भाडे द्यावे. त्या शेताचे चार भाग करून प्रत्येकावर उंच खांबाला एक पाटी लावावी. पाटीवर आकडा नको. बैल, मोर, नांगर, कणीस अशी चित्रे हवीत. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा ‘आपली गाडी मोराखाली’ हे विसरणार नाही. वाटेवर दोन ठिकाणी सावली आणि पाणी असावे. चढण्याची वाट एक आणि उतरण्याची दुसरी असावी. नारळ फोडण्याची जागा पायऱ्यांपासून बाजूला असावी आणि दुकाने वाटेच्या एकाच अंगाला, दोन पावले मागे सरकवून मांडावीत. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी एक-दोन गाड्या ठेवाव्यात. यांत अवघड काम एकच आहे. गावचे पुढारी आणि पाहुणे यांच्या मोटारीही त्याच शेतात थांबवणे. पहिल्या पायरीशी एक मोटार उभी दिसली, की शंभर मोटारी तिच्या मागे येतात.

यावर आमच्या गावातले एक वडीलधारे मला म्हणाले, ‘‘अहो मास्तर, देवीच्या दारात माणूस गाडीनं गेला काय अन् पायी गेला काय, तिला काय फरक पडतो?’’ मी म्हणालो, ‘‘अण्णा, तिला पडत नसेल, पण मागून येणाऱ्याला पडतो.’’ ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी विचारले, ‘‘बरं, शेत कुणाचं घ्यायचं म्हणता?’’

हा प्रश्न निघाला, म्हणजे निम्मे काम झाले असे मी समजतो. पुढच्या नवरात्राला अजून जवळजवळ वर्ष आहे. शेत ठरवायला आणि चार पाट्या रंगवायला एवढा अवधी पुष्कळ झाला.